नसलेलं अक्षर

शिकागोत, जेव्हा सौदे अजून ओरडून व्हायचे,
मी रात्री कागद छापायचे.
दानूते, मार्केट पार्कच्या लिथुआनियन खाटिकाची मुलगी,
वजनकाट्याशेजारी वाढलेली;
म्हणूनच बहुधा बसवलं मला जोखमीच्या टेबलावर.

कागदावर पाच रकाने, माथ्यावर पाच परकी नावं.
ही कोण मंडळी, विचारलं पहिल्या दिवशी.
लिओ ब्रॅनिगन म्हणाला,
"पहिल्याला ओळख. बाकीचे पाहुणे."

पहिला डेल्टा.
सोयाबीन एक सेंट चाललं
तर आपण किती चालतो, ते सांगणारा.
बोट धरलेलं पोर:
कधी पूर्ण पाऊल, कधी अर्धं,
कधी बाप पुढे, आणि हे जागच्या जागी.

लिओचा डेल्टा रोज शून्य.
सहाशेचे कॉल विकलेले, सहाशेचेच पुट,
दोन्ही पारड्यांत सारखं मांस.
"मी ना ह्या बाजूचा, ना त्या.
मला कोण मारणार?"

आणि थीटा त्याचा लाडका.
बापाच्या दुकानात माशाखालची लादी
रात्रभर वितळायची, सकाळी बादली भरलेली.
तसा काळ गळतो करारातून,
ज्याने विकत घेतला त्याची लादी,
ज्याने विकला त्याची बादली.
"झोपतो तरी चार हजार डॉलर," लिओ म्हणायचा,
आणि खरंच झोपायचा.

दुसऱ्या रकान्याकडे तो बघत नसे.
गॅमा. समोर उणे. रोज थोडं मोठं उणे.

काटा मधोमध आहे, एवढंच सांगतो डेल्टा.
किती चिमटी मिठाने तो कलंडेल,
ते सांगतो गॅमा.
मुदत लांब असते तेव्हा काटा जाडजूड, गंजका,
किलोभर टाका, हूं की चूं नाही.
शेवटच्या दिवशी, भाव नेमका सहाशेच्या उंबऱ्यावर,
तोच काटा सोनाराचा होतो.
श्वास सोडला तरी हलतो.

सोमवारी मी लाल पेन्सिलीने गोल केला.
मंगळवारी पुन्हा.

शुक्रवार. सहाशे एक.
लिओ उघडा पडला, धावत विकत घेतलं.
पाचशे नव्याण्णव. आता हातातलंच ओझं;
विकलं.
कुणीतरी म्हणालं, आयोवात ढग आहेत.
कुणीतरी म्हणालं, कुठले ढग.
सहाशे दोन, घेतलं. पाचशे अठ्ठ्याण्णव, विकलं.
महाग घे, स्वस्तात दे,
उंबऱ्याच्या आत, उंबऱ्याच्या बाहेर,
पिवळा कोट काखेत भिजलेला,
आवाज गेलेला, फक्त हात,
तळवा आत म्हणजे घेतो, तळवा बाहेर म्हणजे देतो,
आत, बाहेर, आत.
घंटा झाली तेव्हा भाव सहाशेच होता.
अगदी सहाशे.
सकाळपासून जणू काही झालंच नव्हतं.

महिनाभराची बादली एका दुपारी सांडली.

तो टेबलाशी आला. "सांगितलं का नाहीस?"
"छापलं होतं," मी म्हणाले.
हे उत्तर मला आजही आवडत नाही.

मग पांतेलिसच्या हॉटेलात गेलो, कोपऱ्यातल्या.
लिओने कागद पसरला. "तुमच्याच लोकांनी मारलं."
पांतेलिसने चष्मा लावून रकाने वाचले,
डेल्टा, गॅमा, थीटा, शेवटचा रो
(व्याजाचा; त्याला कुणी विचारत नाही,
मला त्याची थोडी कीव यायची),
आणि चौथ्यावर थांबला.
"व्हेगा? असं अक्षर नाही आमच्यात."

हसलो आम्ही, तिघंही.
बाजार किती घाबरलाय, आणि त्या भीतीचा भाव
एका टक्क्याने वाढला तर आपलं काय होईल,
ते ज्याच्यात मोजतात,
ते अक्षरच कुणीतरी मनाने घुसडलेलं.

पांतेलिसने कागदी रुमालावर चोवीस अक्षरं लिहून दिली.
लिओ बोट ठेवत ठेवत शेवटापर्यंत गेला,
मग पुन्हा पहिल्यापासून.
कॉफी निवली.
"नाहीये," तो म्हणाला, मला नव्हे,
आणि रुमालाची घडी करून
कोटाच्या त्या खिशात ठेवली
जिथे तो सौद्यांची कार्डं ठेवायचा.